गुडघाभर पाण्यातली मासेमारी-बंदी

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा सध्या मनातूनच घालतो). आम्ही सगळे मजेत. मामींचा खोकला थांबला का? तुमचा थांबला नसणार, कारण विडी थांबली नसणार.

पत्रास कारण की, आमच्या मत्स्य कार्यालयात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. (साहेब म्हणाले, उशिरा का होईना, कसली तरी बुद्धिमत्ता आली.) मासळी कुठे किती उरली आणि जाळी टाकायला कुठे बंदी घालायची, ते यापुढे यंत्र सुचवणार. त्यासाठी होड्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोंदवह्या त्याला वाचायला दिल्या. टायपिंग मीच केलं. आता तुम्हाला काय सांगायचं! आपल्या बंदरात मासळीची खरी जागा भाऊ भावाला सांगत नाही, तिथे सरकारी वहीत कोण लिहितो? सगळे ‘दीपस्तंभाच्या दक्षिणेला’ असं लिहून मोकळे होतात. हा पायंडा तुम्हीच पाडलेला. मीही सगळं जसंच्या तसं भरलं, कारण खरंखोटं मला कुणी विचारलं नाही.

यंत्राने तीन मिनिटांत निकाल दिला की दीपस्तंभाच्या दक्षिणेला मासळीचं माहेरघर आहे, विणीच्या हंगामात तिथे दोन महिने बंदी घाला. एरवी बंदी म्हटलं की सभेत खुर्च्या उडतात. या वेळी होडीवाल्यांनी एकमुखाने पाठिंबा दिला, आणि पहिल्या रांगेत बसून तुम्ही टाळ्या पिटल्यात म्हणे. साहेबांचे डोळे भरून आले. फक्त यंत्र बसवायला आलेल्या संगणकवाल्या बाईंनी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः होडी घेऊन तिथे गेल्या. ओहोटीचं गुडघाभर पाणी, आणि जाळ्यात एक खेकडा नि एक चप्पल (डाव्या पायाची). परत येऊन त्या माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. मी पंख्याकडे बघत बसलो.

मामा, थट्टा पुरे. बाजारात बोटाएवढी पिल्लं यायला लागली आहेत. विणीची खरी जागा या हंगामातही उघडी राहिली, तर पुढे वहीत खोटं लिहिण्यापुरतासुद्धा मासा मिळायचा नाही.

बाकी सगळं छान चाललंय. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : बाईंच्या सांगण्यावरून सात होडीवाल्यांना एकेकटं गाठून खरी जागा विचारली. प्रत्येकाने ‘कुणाला बोलू नकोस’ अशी शपथ घालून सांगितली. सातही जणांची जागा एकच निघाली! म्हणजे ती ठाऊक नाही एकट्या यंत्राला. पण सोमवारच्या सभेत ती आधी बोलायची कुणाची छाती होत नाही. तुम्ही बोललात तर बाकीचे मान डोलावतील. एवढं कराच.

आणखी एक ता. क. : जड वाटत असेल तर राहू द्या. आत्ताच मामींचा फोन येऊन गेला, त्या सभेत बोलायला तयार आहेत. जागा त्यांना दिशेसकट पाठ आहे. तुम्ही म्हणे गेली चाळीस वर्षं झोपेत सांगता.