पुढच्या सालाला

दादा, आज माझ्या नातवाच्या, म्हणजे तुमच्या पणतूच्या, डोक्यावर काळी चौकोनी टोपी होती आणि टोपीला पिवळा गोंडा. अंगात पायघोळ काळा झगा. बालवाडी संपली म्हणून हा थाट; आता तिला कुणी बालवाडी म्हणत नाही, तो भाग वेगळा. वर्गातली सगळी पोरं एकामागून एक स्टेजवर चढली, बाईंनी प्रत्येकाच्या हातात रिबीन बांधलेली कागदाची सुरळी दिली आणि सगळे पास झाले. एकजणही मागं राहिला नाही. तुम्ही असता तर अर्ध्यातून उठून गेला असता. घरी आल्यावर सून पोराला टोपी काढू देईना, कारण फोटो बाकी होते, आणि तो मला विचारतो, "आजोबा, तुम्हाला पण अशी टोपी होती का?" मी म्हणालो, "टोपी नव्हती रे, पण मी बालवाडी दोनदा केली." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग आत येऊन हे लिहायला बसलो. प्रेमानं बसलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिलीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं भाऊ एकाच मापाचे होतो. जुळेच ते, तो जरासा आधी बाहेर आला म्हणून थोरला. एका गोधडीत झोपायचो, एका ताटात जेवायचो आणि शहागंजाच्या मागच्या बोळातल्या बालवाडीत एकाच पाटावर बसायचो. सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि आम्ही तिच्यासमोर उभे राहायचो. ती पिठाचा हात न थांबवता म्हणायची, "लाव कान." त्या काळी जन्माचा दाखला कुणाच्या घरी असायचा? पहिलीत घ्यायचं की नाही ते हातावर ठरायचं. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डाव्या कानाला बोट लावायचं. लागलं तर पोरगं सहा वर्षांचं झालं, नाही लागलं तर परत बालवाडीत. होळीच्या सुमाराला आमची बोटं केसांतच अडकायची. आंबे आले तेव्हा दोघांचीही कानाला लागायला लागली. ज्याचं लागेल त्याला गरम भाकरीचा पापुद्रा मिळायचा, तेल-मीठ लावून. दोघांचं लागलं की आई पापुद्रा मधोमध फाडायची. तुम्ही तिथंच दारात बसून दाढी करायचात. तुमचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं होतं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, तुम्ही मराठी शाळेचे हेडमास्तर झालात, पण हिशेब आणि शिव्या तेवढ्या उर्दूतच राहिल्या. आमचे हात कानाला लागताना तुम्ही रोज आरशातून बघत होता.

मग जून येतो. शाळेच्या पटांगणात कडुलिंबाखाली तुमची खुर्ची आणि टेबल. आयाबाप पोरांना घेऊन रांगेत उभे, आम्ही दोघंही रांगेतच, कारण हेडमास्तरची पोरं म्हणून पुढं घुसायचं नाही अशी ताकीद आहे. आमच्यापुढं मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा एक हमाल आहे, त्याच्या बोटाला धरून त्याचं पोरगं. पोराचा हात डोक्यावरून जातो आणि कानाच्या वरच राहतो. तुम्ही म्हणता, "नाय लागत. पुढच्या सालाला या." हमाल हलत नाही. "मास्तर, इत्तुसं तर कमी हाय. घ्या की." तुम्ही म्हणता, "नियम म्हंजे नियम." तो बाजूला होतो, पण जात नाही. झाडाला टेकतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "बघू आता, घरच्या पोरांचा कसा लागत नाय ते." रांग हसते. तुमचे कान लाल होतात, मला खालून दिसतात. भाऊ पुढं होतो, हात वर नेतो, बोट कानाला. "लागला. बस तिकडं." हमाल नुसता खोकतो. मग मी. मी हात नेतो, बोटाला कानाची पाळी लागते, घामानं ओलसर. मी ती चिमटीत धरतोसुद्धा, तुम्हाला नीट दिसावं म्हणून. तुम्ही माझ्या हाताकडं बघतच नाही. तुम्ही झाडाखाली बघता. आणि म्हणता, "नाय लागत. पुढच्या सालाला."

मी हात खाली घेतला नाही. म्हणालो, "दादा, लागला की." तुम्ही उठलात आणि तोच कान पिरगाळलात. "साळंत दादा म्हणायचं नाय. चल, घरी जा." लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं तुमचं बोलणं माझ्याशी होतं आणि ऐकवायचं होतं हमालाला. त्याला ते बरोबर पोचलं. "इमानदार आदमी हाय मास्तर," असं म्हणून तो आपल्या पोराला घेऊन समाधानानं चालता झाला. लोकांचं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. तुम्हाला त्या दिवशी घाईनं एक कार्टं हवं होतं आणि रांगेत पुढचा नंबर माझा होता. एवढीच माझी लायकी. पहिलं मी उभा राहिलो असतो तर आज हे पत्र त्यानं लिहिलं असतं.

संध्याकाळी आई चुलीपाशी हळूच म्हणाली, "सकाळी तर लागत व्हता." तुम्ही पायातले जोडे काढत म्हणालात, "सकाळी लागत असंल. साळंत नाय लागला." तिनं भाकरी उलटली आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिनं "लाव कान" म्हटलं नाही. पुढंही कधी नाही. पापुद्रा आख्खा निघाला आणि तो भावाच्या ताटात गेला, कारण त्याला शाळेत जायचं होतं. आईवर रागवायचं मला फार उशिरा सुचलं, तोवर ती गेली होती. तुमच्यावर मात्र मी वेळच्या वेळी रागावलो.

बालवाडीच्या बाई मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, तू पुन्हा?" सगळी गाणी मला पाठ होती. त्या गाणं सुरू करायच्या आणि मी ते त्यांच्याआधी संपवायचो, म्हणून त्यांनी मला बारक्या पोरांना धरून मोरीवर नेण्याचं काम दिलं. पाटावर माझे गुडघे मावत नव्हते. दुपारी भाऊ नवं दप्तर घेऊन बोळातून यायचा तेव्हा मी एखाद्या पोराची चड्डी वर ओढत असायचो. आधी तो थांबायचा. नंतर त्याच्याबरोबर वर्गातली पोरं असायला लागली आणि तो दुसऱ्या बोळानं जायला लागला. पोरगंच ते, त्याला तरी काय म्हणू?

पण तुमचं एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी तुम्ही दोघांना समोर बसवून पाढे विचारायचात. मला पाढे कुणी शिकवलेच नव्हते, बालवाडीत चिऊकाऊ चालू होतं. शाळेत तुमचा कायदा होता की ज्याला उत्तर येईल त्यानं न येणाऱ्याच्या गालात द्यायची. तो कायदा तुम्ही घरी आणला. भावाला उत्तर यायचं. तो माझ्या गालाला नुसता हात लावायचा, माशी उडवल्यासारखा. तुम्ही म्हणालात, "हात हाय का पापड? असं मारतेत व्हय?" मग त्याला कसं मारतात ते दाखवलंत. माझ्यावरच दाखवलंत, दुसरं होतं कोण? तो रडायला लागला तर म्हणालात, "तू कामून रडतो रे? तू तर पास हायस." पहिले काही दिवस तो मारून झाल्यावर रात्री गोधडीत माझा गाल चोळायचा. दिवाळीपर्यंत त्याचा हात चांगला बसला. गोधडीतलं चोळणं बंद झालं, मग त्यानं वेगळी गोधडी मागितली. आईनं दिली. आजही तो पुण्याहून आला आणि त्यानं खुशीत पाठीवर थाप मारायला हात उचलला की माझी मान आपोआप आत जाते. तो बघतो. हात खाली घेतो. तुम्ही आमची नुसती इयत्ता तोडली नाहीत, माझा भाऊच तोडून टाकलात.

तुमचं मात्र त्यावर सोनं झालं. सिल्लोडकडं कुणाच्या लग्नाला गेलं की कोणीतरी विचारायचं, "दोघं जुळे ना? मग ह्यो एका वर्गानं मागं कसा?" आणि तुम्ही सुपारी कातरत तीच गोष्ट सांगायचात. स्वतःच्या पोरालासुद्धा सोडलं नाही, नियम म्हंजे नियम. दर लग्नात माझा हात कानापासून आणखी थोडा लांब राहायचा. निवृत्तीच्या सत्काराला तर पाहुण्यांनी व्यासपीठावरूनच ती सांगितली. टाळ्या पडल्या. तुम्ही शाल पांघरून, नारळ मांडीवर ठेवून, मान इतक्या नम्रपणे खाली घातलीत की मला ओरडावंसं वाटलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. शेजारच्यानं विचारलं, "तो पोरगा तुम्हीच का?" मी म्हणालो, "व्हय, मीच." काय सांगणार होतो? लागला होता म्हणून? बाप्या माणसानं सत्कारात उठून हात डोक्यावरून नेऊन दाखवायचा?

मग तुमची उजवी बाजू गेली. हात लुळा, तोंड वाकडं, जीभ जड. भाऊ पुण्यात, म्हणून तुम्ही माझ्या वाट्याला आलात. डॉक्टरांनी सांगितलं, रोज हात वर नेऊन व्यायाम घ्या. मी घेतला, दादा. तुम्हाला पलंगावर टेकवून बसवायचो, तुमचा उजवा हात धरून डोक्यावरून न्यायचो आणि म्हणायचो, "लावा कान." तुम्ही पहिल्याच सकाळी ओळखलंत. जोर लावायचात, कपाळावर घाम यायचा, बोटं केसांत थरथरायची. मी हात सोडून म्हणायचो, "नाय लागत. पुढच्या सालाला." रोज. बायको एकदा चहा घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं, कप तिथंच ठेवला आणि त्यानंतर व्यायामाच्या वेळी ती त्या खोलीत आली नाही. मला लाज वाटली नाही. मला भूक चांगली लागायची त्या दिवसांत.

एका सकाळी मी हात उचलायला गेलो तर तुम्ही तो उचलू दिला नाही. डाव्या हातानं माझी बाही धरलीत आणि वाकड्या तोंडातून काहीतरी म्हणालात. मी म्हणालो, "पाणी?" आणि चमच्यानं पाणी पाजलं. तुम्ही मान हलवलीत, पाणी सदऱ्यावर सांडलं. परत तेच म्हणालात. मी परत चमचा भरला. दुपारी परत. दुसऱ्या दिवशी परत, आणि या वेळी माझ्या डाव्या कानाकडं बोट करून. मी म्हणालो, "तहान लई लागायली दादा तुम्हाला." रविवारी भाऊ आला तेव्हा तुम्ही त्याचा हात धरून तेच सांगायला लागलात, डोळ्यांत पाणी आणून. त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हनायलेत रे?" मी म्हणालो, "पाणी मागायलेत." त्यानं तुम्हाला पाणी पाजलं, हनुवटी पुसली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर तुम्ही बोलायचा प्रयत्न केला नाहीत. थोड्याच दिवसांत संपलात. मी खांदा दिला, अग्नी थोरल्यानं दिला. रीतच तशी आहे.

बाहेर नातू अजून टोपी घालून नाचतोय, त्याच्या आजीला सलाम ठोकायला लावतोय. हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि वाचून ओळखेल असं भाऊ सोडून कुणी उरलं नाही, त्याला मी देणार नाही. एकच लिहायचं राहिलं. "लागला व्हता तुझा," असं तुम्ही म्हणत होता. मला पहिल्याच वेळेला कळलं होतं, चमचा हातात घ्यायच्या आधीच. पण दादा, मला ते तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं.