जोडीदाराकडे राहिलेले कार्ड व माझ्या खात्यातील अडकलेली रक्कम

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
परदेशी खातेदार विभाग,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : कारखाना बंद झाल्याने मायदेशी परतण्यापूर्वी माझ्या बचत खात्यातील सर्व रक्कम मिळणेबाबत.

संदर्भ : १) शाखेत दिलेले माझे यापूर्वीचे तीन अर्ज. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.
२) आपल्या वसुली विभागाचे पत्र. हे मात्र न मागता मिळाले.

महोदय,

१. मी हॉटेलांसाठी फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यात सात वर्षे पॉलिश कारागीर म्हणून कामास होतो. माझा पगार पहिल्या महिन्यापासून आपल्याच शाखेत जमा होत आला आहे. हा अर्ज मी माझ्या भाषेत लिहून सोबत भाषांतर जोडत आहे. भाषांतर करणारा टायपिस्ट आमच्याच मुलखातला असून शाखेसमोर टेबल टाकून बसतो व ओळीप्रमाणे पैसे घेतो. कच्चा मसुदा वाचून तो म्हणाला, "दादा, राग तेवढा गाळा, निम्म्या ओळी वाचतील." मी गाळता आला तेवढा गाळला आहे.

२. कारखाना मालकाने कर्ज थकवून पोबारा केला. माझा राहण्याचा परवाना या महिनाअखेर संपतो. परवाना संपलेल्या परदेशी माणसाला खिडकीवर उभे करत नाहीत, म्हणजे तोवर पैसे हातात आले नाहीत तर ते कायमचे इथे राहणार. या पैशांवर माझ्या बायकोचे छप्पर अवलंबून आहे. मी इकडे आल्यापासून ती आणि मुलगी माझ्या मेहुण्याकडे एका खोलीत राहतात. आता मेहुण्याच्या मुलाचे लग्न ठरले असून ती खोली नव्या जोडप्याला हवी आहे. मेहुणा तोंडाने काही बोलत नाही. त्याच्या बायकोने मात्र परवा माझ्या बायकोची ट्रंक उचलून जिन्याखाली ठेवली. आम्ही दोन खोल्यांची एक जागा ठरवली आहे आणि जागेचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. त्यापुढे तो थांबणार नाही.

३. आता कार्डाविषयी. आम्ही आठ जण एका खोलीत राहत होतो. तिथे एक रीत होती, ती आपल्या नियमांत सापडणार नाही म्हणून सविस्तर लिहितो. प्रत्येकाचे कार्ड त्याच्या जोडीदाराकडे असे आणि गुप्त आकडा ज्याचा त्याच्याकडे. पैसे काढायचे तर दोघांनी मिळून यंत्रापर्यंत चालत जायचे. याचे कारण असे की घरून फोन आला की माणसाला नाही म्हणवत नाही. चुलतभावाला मोटारसायकल हवी असते, मावसबहिणीच्या दिराला दुकान टाकायचे असते, आणि हा तिकडे नोटा छापतो अशी सर्वांची खात्री असते. जवळ कार्डच नसले की तसे शपथेवर सांगता येते. माझ्या खात्यात जे काही साठले ते या रीतीमुळे साठले. आपल्या बँकेच्या ठेव योजनांची रंगीत पत्रके आमच्या खोलीत कपाटाच्या फळीवर अंथरायला उपयोगी पडली.

४. माझा जोडीदार सुतार होता. सगळे त्याला रंधा म्हणत, कारण समोरच्याला छिलून सरळ केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा मी नवा मोबाइल घ्यायचा म्हणून त्याच्याकडे माझे कार्ड मागितले. तो म्हणाला, "आधी वहिनीला फोन लाव. ती हो म्हणाली की लगेच देतो." मी फोन लावला नाही आणि जुनाच मोबाइल आजही वापरतो आहे. सुटीवर जाणाऱ्याने खोलीच्या दारात कार्डांची अदलाबदल करायची हेही ठरलेले होते. पण रंधा सुटीवर गावी निघाला तेव्हा अंगात ताप होता, खोकला थांबत नव्हता, गाडी वेळेआधी आली आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी त्याच्या बॅगेला दोरी बांधत होतो. गाडी गेली आणि मग खिशात हात घातला तर त्याचे कार्ड माझ्याकडे आणि माझे त्याच्याकडे. आम्ही फोनवर हसलो. बरा होऊन महिन्याभरात येणारच होता. तो तिकडे असतानाच इकडे कारखान्याला कुलूप लागले.

५. मी शाखेत जाऊन पैसे मागितले. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड कुठे आहे असे विचारले. हरवले असे सांगितले असते तर त्याच दिवशी नवे मिळाले असते, हे मला नंतर शिपायाने सांगितले. पण ते हरवले नव्हते, म्हणून मी जोडीदाराकडे आहे असे सांगितले आणि ही रीतही समजावून सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले व 'कार्ड त्रयस्थाच्या ताब्यात' असा शेरा मारून माझे खाते गोठवले. मी माझे ओळखपत्र काचेला लावले, माझा चेहरा काचेला लावला. बाई म्हणाल्या, "चेहऱ्यावरून आम्ही कुणाला ओळखत नाही."

६. गोठवलेले खाते सोडवायचे तर मालकाचे शिक्क्यासह पत्र हवे असे शाखाधिकाऱ्यांनी सांगितले. मालक परागंदा आहे असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले की निदान शिक्का तरी आणावा. मी कारखान्यावर गेलो. रखवालदार ओळखीचा, त्याने चहा पाजला आणि खिडकीतून टेबलावरचा शिक्का बोटाने दाखवला. दारावर मात्र लाखेचे सील होते आणि सील आपल्याच बँकेचे होते. ते थोडा वेळ काढावे म्हणून मी आपल्या जप्ती विभागात अर्ज केला. त्या विभागाने सांगितले की असा अर्ज मालकाच्या शिक्क्यानिशी आला पाहिजे. महोदय, हेलपाटे घालून माझे बूट झिजले ते असो, पण त्या वाक्यानंतर मला हसू आले आणि पहारेकऱ्याने मला बाहेर काढले. ते हसणे उद्धटपणाचे नव्हते. त्याबद्दल दिलगीर आहे.

७. याच काळात रंधाचा दवाखान्यातून फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. त्याने मला त्याचा गुप्त आकडा सांगितला. सात वर्षांत आम्ही एकमेकांना तो कधी सांगितला नव्हता. "सगळे काढ आणि हिच्या नावावर पाठव, बिल मोठं होतंय," एवढेच तो बोलू शकला. यंत्र एका दिवसात ठरावीक रक्कमच देते, म्हणून मी रोज जाऊन काढत होतो व लगेच पाठवत होतो. माझ्या खिशात त्या दिवसांत पावाला पैसे नव्हते आणि हातात त्याच्या नोटांची थप्पी असायची. मी तिला धक्का लावला नाही. पाठवल्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत, आकडे जुळवून पाहावेत.

८. पैसे पाठवणे चालू असतानाच त्याच्या बायकोचा फोन आला. रंधा गेला होता. दवाखान्याचे बिल तेवढे शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा यंत्रापुढे उभा राहिलो आणि उरलेले पैसे काढले. मेलेल्या माणसाचे कार्ड वापरू नये हा नियम मला तेव्हा माहीत नव्हता. माहीत असता तरी मी काढलेच असते, हे टायपिस्टने दोनदा खोडले व मी दोनदा पुन्हा लिहिले आहे.

९. खाते रीतसर बंद करावे म्हणून मृत्यूचा दाखला बँकेला पाठवा, असे रंधाच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मीच सांगितले. त्यांनी पाठवला. आपल्या वसुली विभागाने दाखल्याची तारीख आणि यंत्राची तारीख ताडून पाहिली, यंत्राच्या कॅमेऱ्यातला फोटो काढला, फोटोतला माणूस मीच आहे हे ओळखले आणि मृत्यूनंतर काढलेली सर्व रक्कम दंडासह माझ्या खात्यातून वळती करून घेतली. फोटोची प्रत मला पाठवली आहे. तिच्यात मी यंत्रावर डोके टेकून रडतो आहे. पत्रात त्याला 'संशयास्पद हालचाल' म्हटले आहे.

१०. महोदय, माझी तक्रार नीट समजून घ्यावी. ती रक्कम परत मिळावी असे माझे म्हणणे नाही. तक्रार अशी आहे की माझे खाते गोठलेले आहे, त्यातून छदामही बाहेर पडू शकत नाही, असे मला प्रत्येक खिडकीवर सांगण्यात आले. मग एका दुपारी त्यातून एवढी रक्कम कार्डाशिवाय, शिक्क्याशिवाय, मालकाच्या पत्राशिवाय आणि माझ्या सहीशिवाय बाहेर कशी पडली? भर उजेडात काचेला लावलेला चेहरा ज्या बँकेला ओळखता आला नाही, तिने कॅमेऱ्यातल्या धुरकट फोटोवरून तोच चेहरा बरोबर ओळखला. म्हणजे बँकेला मी माहीत आहे. पैसे देताना परका आणि घेताना ओळखीचा, हे मला सहन होत नाही. मला संताप येतो आणि तो इथे तसाच लिहितो. त्या ओळीचे पैसे मी भरले आहेत.

११. तरी विनंती अशी की वसुली विभागाने ज्या मार्गाने माझ्या खात्यात प्रवेश केला त्याच मार्गाने पुन्हा एकदा आत जावे, उरलेली रक्कम बाहेर आणावी आणि महिनाअखेरच्या आत माझ्या बायकोच्या नावे पाठवावी. त्यासाठी वेगळा दंड लावायचा असल्यास लावावा. मला रोख नको, पावती नको, माझी बाजू बरोबर होती असे पत्रही नको. उरलेल्या पैशांत दोन खोल्या बसत नाहीत, एक बसते. बायकोला मी तसे कळवले. ती म्हणाली, "एक तर एक. दार आपलं असलं म्हणजे झालं."

१२. आणखी एक विनंती आहे. मूळ विषयात ती बसत नाही, पण तिच्यासाठी वेगळा अर्ज केला तर त्यालाही उत्तर येणार नाही. वसुलीच्या पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी : मयत खातेदाराची पत्नी' असे छापले आहे. ही प्रत अजून टपालात पडली नसल्यास कृपया पाठवू नये. माझे पैसे कापले गेल्याची कुणकुण वहिनींना लागली होती. मंगळसूत्र मोडून भरपाई करते म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की मी साहेबांना भेटलो, साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि एका पैशाचीही वसुली केली नाही. त्या बराच वेळ आपल्याला दुवा देत होत्या. आपण माझे दुसरे काही केले नाही तरी चालेल, महोदय, पण मी आपल्याविषयी जे चांगले बोललो आहे ते खोटे पाडू नका.

कळावे,

आपला नम्र,
(सही)
पॉलिश कारागीर, आपल्या शाखेचा खातेदार

दिनांक : या महिन्याची एकोणीस तारीख

सोबत : १) पैसे पाठवल्याच्या पावत्या. २) वसुली विभागाचे पत्र व फोटो. ३) भाषांतर, सर्व ओळींसह.