तीन याद्या, एक आई

५ मार्च, सकाळी ७
आई बरी, हृदयाची गोळी चालू. ही बरी, थायरॉइडची चालू. मुलगी बरी, लोहाची गोळी विसरते. धाकटा भाऊ बरा आहे म्हणतो, म्हणजे गुडघा दुखतोय. मी ठणठणीत, रक्तदाब सोडून.
औषधांच्या याद्या मात्र तीन: माझी, भावाची, मुलीची. संकल्प: कॉम्प्युटरवर, पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहून एक करणार. बावीस व्हिडिओ पाहून झाले. आणखी काय शिकायचं राहिलंय?

८ मार्च, दुपारी ४
जमलं! तीन डिक्शनऱ्या (पायथनमधल्या याद्या), मध्ये उभी रेघ, की झाली एक. नावापुढे गोळी. एरर शून्य. नवी यादी छापून आईच्या खाटेपाशी चिकटवली. जुन्या याद्या पुसल्या, गोळ्या डबीत भरून पाकिटं फेकली. पसारा नको.
नऊ नावं होती, पाच उरली. कॉम्प्युटरने आवराआवर केली असणार. जराशी धाकधूक.
ही मुलीकडे गेली. जाताना म्हणाली, नीट बघून द्या हो. मी म्हटलं, आता बघायचं कामच नाही.

९ मार्च, सकाळी ६.३०
यादीत 'आई: थायरॉइड'. दिली.

६.५०
थायरॉइड तर हिला आहे! मुलीच्या यादीतली 'आई' म्हणजे ही!! एकच नाव दोनदा आलं की शेवटचं राहतं, आधीचं जातं. तेविसाव्या व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगितलंय.
भावाच्या यादीतला दादा मी, मुलीच्या यादीतला बाबाही मीच, आणि उरलेला 'मी' मात्र मुलगी.

७.१०
डॉक्टरीणबाईंना फोन. म्हणाल्या, घाबरू नका, नाडी मोजत राहा. हृदयाची गोळी किती पॉवरची? पाकिटं तर कालच फेकली!

७.३०
नाडी एकशे अठरा! देवा. नंतर कळलं, अंगठ्याने मोजली, ती माझीच होती.

८.००
आईजवळ बसून रडलो. तिने उशीखालून गोळी काढून हातावर ठेवली. म्हणाली, ही सुनेची रे, माझी पिवळी असते. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, कागद चिकटवून इतका खूश होतास, हिरमुसला असतास.

८.२०
पिवळी आहे, पण अर्धी की अख्खी, आईला आठवत नाही. हिला विचारलं तर सगळं सांगावं लागेल. भावाला पाठवलेला निरोप इथे उतरवून ठेवतो:
धाकट्या, प्रोग्रॅम उत्तम चाललाय. फक्त तुझी यादी पुन्हा पाठव. 'आई'पुढे कोणाची ते लिही, आणि पिवळी अर्धी की अख्खी तेही. वहिनीला बोलू नकोस. आई डबी घेऊन बसलीये, लगेच लिही रे.