दोरीवरची पहिली पानं

धाड, जि. बुलडाणा
८ जुलै २०२५

ती. माणिकमामा यांस,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली समताताईच्या फोनवरून कळते. म्हणजे तुम्ही फोनमध्ये हॅलो हॅलो करता आणि बाकीचं सगळं तुमचा धम्मदीपदादा मागून ओरडून सांगतो. कानाचं यंत्र डबीत ठेवायला घेतलं होतं का? असो, त्या निमित्तानं मला पत्र लिहायला मिळतं आणि पोस्टमनलाही काम मिळतं.

बातमी अशी, की तुम्ही उभं केलेलं आपल्या शाळेचं ग्रंथालय सध्या जिल्ह्यात सर्वांत सुरक्षित आहे, कारण त्यातलं एकही पुस्तक बाहेर पडत नाही. जूनमध्ये तुमचे जावई चंद्रशेखर भाऊजी आमच्याकडे मुख्याध्यापक म्हणून बदलून आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्या कपाटांना कुलपं घातली. आधीच्या शाळेत पुस्तकं गहाळ झाली आणि चौकशी यांच्यामागे लागली, तेव्हापासून वाचायला दिलेलं पुस्तक म्हणजे गेलेलं पुस्तक, असं त्यांनी मनाशी धरलंय. मी जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं आणि वाळवीनं खाल्लेली पुस्तकं साठ्यातून कमी करू म्हटलं. त्यावर ते म्हणाले, की वाळवी लागली तरी पुस्तक हजर आहे ना, मग राहू द्या. नुसता पुठ्ठा उरलाय, मामा, आणि तो दरवर्षी हजर.

संस्थेनं यंदा टॅब दिले, ई-पुस्तकं भरलेले. तेही कपाटात गेले. जाण्याआधी ग्रंथालयातल्या मदतनीस विमलबाईंनी प्रत्येकाला खाकी कव्हर चढवलं आणि मागे तारखेची चिठ्ठी चिकटवली. मी हसले तर मलाच विचारलं, की पुस्तकाले कवर लागते तं ह्याले काऊन नाई लागत? आता भाऊजींना झोप नाही, कारण ई-पुस्तकावर शाळेचा शिक्का मारायचा कुठे?

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नाही. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव दिवाळीनंतर भेटीला येणार आहेत. ग्रंथालय वापरात दिसलं नाही तर या खोलीत पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ ठेवायची, असं त्यांनी बोलून दाखवलंय. मामा, मला ही खोली हवी आहे. मी चौथीत असताना तुम्ही मला तिथल्या खिडकीत बसवून वाचायला दिलं होतं, म्हणून मी आज इथे ग्रंथपाल आहे. काय करू ते कळवा.

मामींना जयभीम. लहानांना पापा.

तुमची भाची,
धम्मशीला

*

नांदुरा
१५ जुलै २०२५

चि. धम्मशीला हिस,
माणिकरावचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून मामीला इतक्या मोठ्यानं वाचून दाखवलं, की शेजारचे काय झालं म्हणून पाहायला आले. त्यांनाही वाचून दाखवलं.

चंद्रशेखर मनाचा चांगला आहे, फक्त भित्रा आहे. भित्र्या माणसाशी वाद घालू नये, तो आणखी एक कुलूप आणतो. तू त्याचं सगळं ऐक. इतकं मनापासून ऐक, की त्यालाच ते जड व्हावं. शिक्का कुठे मारायचा हे त्यालाच विचार आणि जे सांगेल ते कमी न करता कर. मी नोकरीभर हेच केलं आणि पाच मुख्याध्यापकांना सुखरूप निवृत्त करून मगच निवृत्त झालो.

पुस्तकं काढायला माझी ना नाही. गाइडं काढ, पुठ्ठे काढ. पण कोंबडीपालनाच्या प्रतींना हात लावशील तर याद राख. त्या मी स्वतः निवडल्या होत्या. कोणी वाचल्या नाहीत, हा काही कोंबड्यांचा दोष नाही.

खोलीचं मलाही लागलंय. त्या खिडकीत तांदळाचं पोतं मला बघवणार नाही. पण आत्ताच कोणाजवळ रडायचं नाही.

तब्येत सांभाळ. पत्र पाठवायला आळस केलास तर फोन करीन, आणि मग तुलाच ओरडावं लागेल.

तुझा मामा,
माणिकराव

*

धाड
२३ ऑगस्ट २०२५

ती. मामा,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या सल्ल्यानं घोटाळा झालाय, आणि फार सुंदर झालाय.

मी अगदी गरीब चेहरा करून भाऊजींना विचारलं, की सर, ई-पुस्तकावर शिक्का कसा मारू? त्यांनी विचार करून लेखी आदेश काढला. प्रत्येक ई-पुस्तकाचं पहिलं पान छापायचं, त्यावर दाखल क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा, त्यांची सही घ्यायची आणि ती पानं फाइलला लावायची, म्हणजे पडताळणीच्या वेळी पुस्तक हजर दाखवता येईल. मुखपृष्ठ छापायचं नाही, त्यात रंगीत शाई जाते. गोष्ट जिथून सुरू होते ते पान छापायचं. मी एका शब्दानं विरोध केला नाही.

मग पावसाळ्यानं मदत केली. शिक्क्याची शाई वाळेना, पानावर पान ठेवलं की दोन्ही निळी. विमलबाईंनी ग्रंथालयात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि घरून कपड्यांचे चिमटे आणले. आता आपल्या ग्रंथालयात शेकडो पुस्तकांची पहिली पानं वाळत घातलेली आहेत. पंखा लावला की सगळी हलतात.

पहिल्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीत नुसती बघायला आली. दुसऱ्या दिवशी वाचायला लागली. माना वर करून, डबा हातात धरून, एका पानाखालून दुसऱ्या पानाखाली. कपाटाला कुलूप आहे, पण दोरीला कुठे कुलूप असतं? आणि पान संपलं की सगळी माझ्याकडे. मॅडम, मंग पुढं काय झालं? मी म्हणते, पुढचं टॅबमध्ये आहे आणि टॅब कपाटात आहे. नववीची पुष्पांजली तर माझ्यावर रुसली आहे, कारण तिच्या पानावर एक बाई नवऱ्याला न सांगता घरातून निघते आणि एसटीत बसते, तिथेच पान संपतं. कुठे गेली असेल, यावर नववीत दोन तट पडलेत.

पण मुलांच्या विनवण्यांनी भाऊजी बधत नाहीत. वाळली की पानं फाइलला लावा, म्हणतात. दोऱ्या निघाल्या की खोली पुन्हा पहिल्यासारखी मुकी होईल आणि भगवानरावांना तीच दिसेल. पाऊस लांबावा म्हणून प्रार्थना करणारी ग्रंथपाल शेतकऱ्यांना आवडणार नाही, सोयाबीन उभं आहे. दुसरं काही सुचवा.

तुमची,
शीला

*

नांदुरा
३० ऑगस्ट २०२५

चि. शीला,
आशीर्वाद आणि जयभीम.

माझ्या जावयाची एक गोष्ट तुला माहीत नाही. त्याला अर्धवट काही सोसत नाही. तो समताला पाहायला आमच्याकडे आला, तेव्हा टीव्हीवर कुठलासा मारधाडीचा सिनेमा चालू होता. चहा झाला, पोहे झाले, बोलणी झाली, पाहुणे उठले, पण हा उठेना. आम्ही समजलो, मुलगी फारच पसंत पडली. सिनेमा संपला तसा हा उठून चपला घालायला लागला. समता अजून हे ऐकवते.

तेव्हा सही करताना त्याच्या डोळ्यांसमोर कोणतं पान येतं, ते तू बघ. भेकडातल्या भेकड माणसालाही उत्सुकता आवरत नाही. एखादं चांगलं खिळवणारं पान निवड आणि त्याच्या कार्यालयाच्या दारासमोर, त्याच्या उंचीवर लटकव. ते पान वाळलं तर पुन्हा शिक्का मार. शिक्का जास्त झाला म्हणून कोणाची चौकशी झालेली मी ऐकलेली नाही.

कळावे, आणि लवकर कळवावे.

मामा

*

धाड
२० सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामा यांचे सेवेशी,
चंद्रशेखरचा सविनय जयभीम.

विषय : एका अपूर्ण वाचनाबाबत.

वरील विषयी कळविण्यात येते, की कार्यालयाच्या दारासमोर एक पान वाळत आहे. ते बरेच दिवस वाळत आहे. येता-जाता नजर पडल्याने सदर पान माझ्याकडून वाचले गेले. एका गावातल्या विहिरीत रोज सकाळी एक चप्पल तरंगताना दिसते. रोज वेगळी, आणि फक्त डाव्या पायाची. पोलीस पाटील तपास करतात. चौथ्या दिवशी जी चप्पल वर येते ती खुद्द पोलीस पाटलांचीच असते, आणि ती त्यांच्या पायातही असते. इथे पान संपते.

मामा, माझे कशात लक्ष लागत नाही. काल दहावीच्या वर्गावर मी बराच वेळ मुलांच्या पायांकडे बघत होतो. जेवताना समताने काय विचारले ते मला कळले नाही आणि मी विहीर म्हणालो.

शाळा सुटल्यावर कपाट उघडून टॅब काढला. त्याची बॅटरी उतरलेली होती. चार्जर दुसऱ्या कपाटात आहेत आणि त्याची किल्ली शीलाकडे, कारण दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे असू नयेत असा आदेश मीच काढला आहे. तिच्याकडे मागायला जीभ रेटत नाही. मी मुलांना इतके दिवस नाही म्हणत आलो.

आपण आयुष्यभर वाचत आला आहात. तरी चपला कोण टाकतो, तेवढेच कळवावे. पत्र वाचून फाडून टाकावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
चंद्रशेखर

*

नांदुरा
२६ सप्टेंबर २०२५

चि. चंद्रशेखर यास,
आशीर्वाद आणि जयभीम.

चपला कोण टाकतो ते मला पक्कं माहीत आहे. सांगणार नाही. जन्मभर मी कोणाला पुस्तकाचा शेवट सांगितलेला नाही, आता जावयासाठी सुरू करणार नाही.

शीलाकडे जा. मुख्याध्यापक म्हणून जाऊ नकोस, वाचक म्हणून जा, नाव लिही आणि माग. तुझी चौकशी झाली तेव्हा तुला किती त्रास झाला, ते मी पाहिलं आहे. पण पुस्तकं हरवतात ती मुलांनी वाचली म्हणून नव्हे. आणि हरवलंच एखादं, तर कोणाच्या तरी घरात ते वाचलं जात असेल. तेवढं मी तुझ्या बाजूनं कोणालाही सांगायला येईन.

समताला विचारल्याचं सांग.

मामा

*

नांदुरा, त्याच दिवशी

चि. शीला,
आशीर्वाद. तो येईल. किल्ली हाताशी ठेव आणि तोंडावर हसू आणू नकोस. चपलेचं ते पुस्तक मी पाहिलेलंही नाही, हे त्याला जन्मात कळू देऊ नकोस.

मामा

*

धाड
१५ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
सविनय जयभीम. वि. वि.

दिवाळीच्या गडबडीत पत्र राहिलं. आता सगळं एकदम सांगते.

भाऊजी आले. दारात उभे राहून घसा साफ केला, वाचकांच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं आणि उतरलेला टॅब पुढे करून चार्जर मागितला. मी हसले नाही. विमलबाई मात्र कपाटामागे जाऊन हसल्या. चार्जर लावला, टॅब सुरू झाला आणि ते खिडकीत बसून वाचू लागले. एवढ्यात बघते तर खिडकीबाहेर अख्खी नववी उभी. शेवटी पुष्पांजलीनं विचारलं, सर, तुमची चप्पल सुटली, मंग आमची एसटीतली बाई काऊन अडकून राह्यली?

भाऊजींनी दोरीवरच्या सगळ्या पानांकडे पाहिलं. मला वाटतं, एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच खोलीत अर्धवट लटकलेल्या त्यांना त्या क्षणीच दिसल्या. त्यांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, की सगळं उघडा. तेव्हापासून कपाटांना कुलूप नाही आणि पानंही दोरीवरच राहिली. टॅब वाटून वाचतात, कागदी पुस्तकंही निघाली, पुठ्ठे साठ्यातून गेले. कोंबडीपालनाची एक प्रत गेली आहे, मामा. वाचायला गेली आहे, घाबरू नका.

बुधवारी भगवानराव आले. शाळेत सामसूम, कार्यालय रिकामं, शिपाई म्हणाला सर ग्रंथालयात आहेत. ते आले तर आत सगळी मुलं आणि सर वाचत बसलेले. कोणाचंच त्यांच्याकडे लक्ष नाही. मी मुद्दाम हाक मारली नाही. उभे राहून राहून भगवानरावांनी चष्मा लावला आणि समोरचं पान वाचायला घेतलं. कार्यालयासमोरून आणून मी तिथे कोणतं पान टांगलं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

वाचून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, की पाटलाचीच कशी काय निघाली? मी टॅब दिला. थोडं वाचल्यावर घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, हे मी घरी घेऊन जातो. तेव्हा भाऊजी उठले. मामा, आपले भाऊजी, ज्यांना अध्यक्षांचा फोन आला तरी घाम फुटतो, ते म्हणाले, की साहेब, घरी नाई नेता येत. ज्याले वाचायचं त्यानं इथंच येऊन वाचायचं.

भगवानराव म्हणाले, इथं तर आपल्याले धान्य ठेवायचं हाये ना?

भाऊजी म्हणाले, धान्य कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, साहेब. पुस्तक इथंच राहीन.

भगवानरावांनी टॅबकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि विमलबाईंना विचारलं, की एखादी खुर्ची हाये काय? मला रडू आलं, ते मी पान काढायच्या निमित्तानं तोंड फिरवून लपवलं. खोली आपली राहिली, मामा.

शेवट वाचूनच ते उठले. जाताना हुकूम करून गेले, आणि काल धान्य आलं. आता भाऊजींचं कार्यालय पोत्यांनी छतापर्यंत भरलंय. त्यांना टेबल राहिलं नाही, म्हणून ते दिवसभर ग्रंथालयात बसतात आणि मुलं त्यांना हळू बोला म्हणतात.

चपला कोण टाकत होतं ते मी लिहीत नाही. नाव लिहून इथेच वाचावं लागेल, नियम आहे. तेव्हा लोभ आहेच, तो घेऊन एकदा धाडला या.

तुमची लाडकी,
धम्मशीला