थेंब घालताना वर बघा

अहो,

ताईचा गुडघा पुन्हा धरलाय, म्हणून हडपसरला जाते आहे. तुम्हाला झोप लागली होती, उठवलं नाही. आमटी तेवढी गरम करून घ्या.

दुपारचे ड्रॉप्स आज तुमचे तुम्हालाच घालायचे आहेत. आधी साबणाने हात धुवा. मग आडवं व्हा, खालची पापणी जरा ओढा आणि एकच थेंब टाका. बाटलीचं तोंड डोळ्याला लावू नका. लाली गेली म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका. अँटिबायोटिक आहे, डॉक्टर सांगतील तोवर घालायचंच. आणि माझ्या टॉवेलला डोळे पुसू नका, घरात एक पेशंट पुरे आहे. पेपर शेजारी देऊन टाकलाय, शोधत बसू नका.

आणखी एक. थेंब घालताना वर पंख्याकडे बघायचं असतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहता, म्हणून थेंब गालावर ओघळतो आणि मला दुसरा घालावा लागतो. मी टोकलं नाही. एरवी पेपरातून तुमची मान वर होते कुठे? डोळा बरा झाला की पुन्हा पेपर आहेच.

संध्याकाळच्या थेंबाला मी येते. तो घालून घेऊ नका.

दुपारी पंख्याकडे बघा. संध्याकाळी नाही बघितलंत तरी चालेल.

हेमा