चाफ्यापर्यंतची वाट

रविवार, १० नोव्हेंबर

आज वाघोलीला सासरी राहायला आलो. दोन बॅगा आणि माझी हत्यारांची छोटी पेटी, एवढंच सामान. सासरे संपतराव स्वतः फाटकापर्यंत आले. सासूबाईंनी, मथुराबाईंनी, भाकर-तुकडा ओवाळून टाकला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर घरचं लोणी. माझी बायको नंदिनी गणपतीत डेंग्यूने गेली, तेव्हापासून मी इतकं गरम जेवलो नव्हतो. मला भूक लागली याचंच नवल वाटलं.

कसब्यातली खोली सोडली. तिथे मोरीत तिचा साबण तसाच होता, तो टाकवत नव्हता. मेव्हणा पृथ्वीराज म्हणाला, दाजी, एका साबणासाठी अख्खी खोली ठेवलीय म्हणजे थाटच आहे. सगळे हसले. मीही हसलो.

लक्ष्मी रस्त्यावरच्या ज्या दुकानात मी चष्म्याच्या काचा बसवतो, तिथल्या मालकांनी हवी तेवढी रजा घ्या म्हटलंय. घर ऐसपैस आहे. तिन्ही बाजूंनी मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, पण मागचा माळ संपतरावांनी विकला नाही. उंच भिंत घालून राखलाय. नुसतं गवत आणि बाभळी. पार टोकाला नंदिनीची रक्षा पुरून तिच्यावर चाफा लावलाय.

दिवाणखान्यात भिंतभर हरणांची शिंगं आहेत. मला त्यांचं काही वाटलं नाही. माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे. आज झोप लागेल.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

इथे एक काम मला नेमून दिलंय आणि ते मला आवडतं. दिवेलागणीला चाफ्याखाली दिवा लावायचा. दुखवटा फिटेपर्यंत नवऱ्याच्याच हातचा दिवा लागतो, अशी यांच्यात रीत आहे.

मथुराबाई तेलवात तयार ठेवतात. मी माळातून जातो, मध्ये जुनी पाण्याची टाकी लागते, तिच्या बाजूने वळलं की चाफा. तिथे रोज एका डबीत खारे दाणे ठेवलेले असतात. नंदिनीला फार आवडायचे. तिच्याजवळ बसून खात जा, म्हणजे एकटं वाटणार नाही, असं मथुराबाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना. आता उतरतात.

नवी जागा असल्याने मी जरा दचकतो. गवतात काही सळसळलं की मान वर होते. पृथ्वीराज त्या वेळी गच्चीवर असतो. लांबून हात करतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज संपतराव खुशीत होते. शिंगांखालच्या फळ्यांवर नावं रंगवलेली आहेत. मला वाटलं शिकार करणाऱ्यांची असतील. नाही. ती घरातल्या मेलेल्यांची नावं आहेत. या घरात कुणी गेलं की शिकार झाल्याशिवाय दुखवटा फिटत नाही, घरात गोड शिजत नाही. आजोबांच्या, पणजोबांच्या आधीपासूनचं आहे. प्रत्येक जोडी म्हणजे एक फिटलेला दुखवटा.

मी म्हटलं, आता तर शिकारीला बंदी आहे. ते म्हणाले, बंदी हायच की, आणि हरणंबी नाहीत. हरणांच्या माळावर आता तुमची पुण्याची माणसं राहतात, चौदाव्या मजल्यावर. त्यांचं काय मटण करायचं?

मग शिकार कशी व्हायची ते सांगितलं. मला वाटायचं मागे धावत असतील. त्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “जनावराच्या मागं पळायचं नसतं, जावईबापू. त्याला सवय लावायची असती.” पाणवठ्याच्या वाटेवर मीठ ठेवायचं. ते रोज चाटायला येतं. आपण नुसतं बघायचं. आधी पान हललं तरी मान वर करतं. मग करेनासं होतं. त्या दिवशी गाव तीन बाजूंनी डबे वाजवत हाकारा घालतं. चौथी बाजू गप्प ठेवायची. आवाजाला भिऊन जनावर गप्प बाजूला जातं. “आमी गप्प बाजूला बसतो.”

सांगण्याची हातोटी आहे त्यांची. जेवताना मात्र आठवलं की पहिल्या दिवशीच्या जेवणातही काही गोड नव्हतं. इथे आल्यापासून मी गोड खाल्लेलं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

भिंतीवरच्या शेवटच्या फळीवर शिंगं नाहीत. वत्सला असं नाव आहे आणि खिळ्याला एक चष्मा अडकवलाय. वत्सला म्हणजे संपतरावांची बहीण. तिच्यामागे तिचे यजमान साईनाथराव इथेच राहायला होते. तेही दिवा लावायचे. एक दिवस न सांगता निघून गेले, असं मथुराबाई म्हणाल्या. चष्मा विसरले म्हणून ठेवलाय.

घरात कुणी नव्हतं तेव्हा चष्मा काढून बघितला. धंद्याची खोड. काच डोळ्यापासून लांब धरून हलवली. मायनस नंबर, नऊच्या आसपास. काड्या कानामागे झिजून पांढऱ्या पडलेल्या. हा माणूस झोपताना सोडून कधी चष्मा काढत नसणार.

या नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय फाटक सापडत नाही. तो नगर रस्त्यापर्यंत कसा गेला?

विचारणार होतो. विचारलं नाही. मला खाऊपिऊ घालणाऱ्या माणसांना असं काय विचारायचं?

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज दिवा लावून परतताना लक्षात आलं, गवतात वाट पडली आहे. घरापासून टाकी, टाकीपासून चाफा. पावलाएवढी रुंद आणि स्वच्छ. माझ्याशिवाय तिथून कुणी जात नाही. ती मीच पाडली.

पृथ्वीराज जिन्यात भेटला. म्हणाला, दाजी, आता तुम्ही मान वर करत नाही. बरं वाटतं बघून.

त्याला बरं का वाटावं?

रात्री जेवताना मी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी खाली बघितल्यावर मात्र बघत असावेत. सिद्ध कसं करणार? दुःखात माणसाला असे भास होतात, हे मलाही कळतं.

सोमवार, २ डिसेंबर

पृथ्वीराजची बायको हिरा माझ्याशी फारशी बोलत नाही. आज कपडे वाळत घालताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “दाजी, एखाद्या दिवशी दिवा नाही लावला तरी चालतं. तुमची कुणी बहीण असेल तर तिच्याकडे जाऊन या.”

मला बहीण नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, मग मित्राकडे जा. वर गच्चीचं दार वाजलं आणि ती बादली उचलून आत गेली.

बादलीत अर्धे कपडे तसेच होते.

बुधवार, ४ डिसेंबर

हिरा नाही. माहेरी, लोणी काळभोरला गेली म्हणतात. दोरीवर तिचा ओला गाऊन अजून आहे.

बिबट्या आल्याची चर्चा आहे. इमारतींच्या ग्रुपवर पृथ्वीराजनेच फोटो टाकला. मला दाखवला. गवत आणि एक डाग. शनिवारी संध्याकाळी गावातले लोक डबे वाजवून त्याला हुसकावणार आहेत. सगळ्यांनी खिडक्या बंद ठेवा, पडदे ओढा, कुणी बाल्कनीत येऊ नका, असं त्याने लिहिलंय. खाली लोकांनी हात जोडलेत.

मी म्हटलं, मग शनिवारी मी दिवा लावायला जाणार नाही. संपतराव हसले. तुमाला काय करतोय बिबट्या, म्हणाले.

दिवाणखान्यात नवी फळी लागली आहे. राजनंदिनी, नंदिनीचं माहेरचं पूर्ण नाव. रंग ओला आहे. खाली खिळा.

खिळ्याला काही नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज निघालो होतो. औषध आणतो म्हणून बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. बस मिळाली. येरवड्यापर्यंत गेलो. पोलिसांकडे जावं असं वाटलं. पण काय सांगू? सासरचे लोक रोज दाणे देतात?

मग ऊन उतरलं. पाय चुळबुळायला लागले. आज चाफ्याखाली अंधार राहील. ती तिथे एकटी. जीभ कोरडी पडली होती, पाणी प्यायलो तरी जाईना. मला मीठ हवं होतं —

रिक्षा केली आणि परत आलो. कुणी बोलावलं नव्हतं. मी स्वतःच आलो.

मथुराबाई फाटकात तेलाची बुधली घेऊन उभ्या होत्या. कुठे गेलात, विचारलं नाही. “उशीर केलात आज,” एवढंच म्हणाल्या. त्यांचे डोळे रडलेले होते. माझ्यासाठी का नंदिनीसाठी, कळलं नाही.

दाणे सगळे खाल्ले. डबी चाटली.

शुक्रवार, ६ डिसेंबर

फोन सापडत नाही.

साईनाथरावही एकदा निघून गेले असतील — आणि परत आले असतील.

उद्या सकाळीच जाणार. उजेडात. संध्याकाळ व्हायच्या आत खूप लांब. वही खिशात ठेवतो, खोलीत नको.

शनिवार, ७ डिसेंबर

सकाळी फाटकाला कुलूप होतं. बिबट्यामुळे, म्हणाले.

खोलीतच बसणार होतो. दार लावून घेतलं होतं. ऊन उतरलं आणि — हातात दिवा होता. जिना कधी उतरलो आठवत नाही.

टाकीपाशी आहे. मागे बसून लिहितोय. अजून दिसतंय.

डबे वाजतायत. आधी घराकडून. मग डाव्या भिंतीने. आता उजव्या.

इमारतींच्या सगळ्या खिडक्या बंद. सगळे पडदे ओढलेले. ओरडलो. डब्यांच्या आवाजात माझंच मला ऐकू आलं नाही.

गवतातून रांग येते आहे. ओळखीचे लोक — तेराव्याला जेवायला होते ते — डबे वाजवतात, माझ्याकडे बघत नाहीत —

चाफ्याकडे शांत आहे.

शांत बाजूला काय असतं मला माहीत आहे. इथून हलायचं नाही. हललो नाही तर —

जवळ आले.

माझ्या हातातला दिवा विझलाय. तरी चाफ्याखाली दिवा दिसतोय. कुणीतरी लावलाय. शेजारी डबी. झाकण काढलेलं. वास इथवर —

नाही. मान वर ठेवायची. बघत राहायचं. चाफ्यामागे काहीतरी चकाकलं, पृथ्वीराज गच्चीवर नाही, तो —

तोंडाला पाणी सुटलंय.

मी उठलेलो नाही, पायच — वाट पायांना माहीत — नंदिनी, मी फक्त दिवा —