कुंपणापाशीचा लव्हाळा

मी, व्हर्लीन टॅडलॉक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार हॅलोवे, राज्य जॉर्जिया, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके ठिकाणावर असल्याची खात्री वकिलांनी आज सकाळी दोनदा करून घेतली. माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात शेजारी ओथा प्रुइट यांच्याविषयी जे लिहिले होते, त्याची मला आता लाज वाटते.

कलम १. राहते घर, जमीन आणि बँकेतील शिल्लक माझा एकुलता एक मुलगा रॉइस याला मिळावी. पीचच्या लोणच्याच्या बरण्याही त्यालाच. सुनेने नाक मुरडले तरी चालेल.

कलम २. गवत कापायचे यंत्र, लांब पात्याचे खुरपे आणि माझे दिवंगत पती ड्यूई यांची टोपी रॉइसला. खुरप्यासोबत चार शब्द. क्रॅबग्रास हे तण जमिनीलगत चहूकडे हातपाय पसरते. पाऊस पडून गेल्यावर, बी धरण्याआधी, मुळासकट उपटावे. उरलेसुरले पहिल्या हिमात आपोआप मरते. दुधी नावाचे तण चटईसारखे पसरते, तोडले की पांढरा चीक येतो. तो हात डोळ्यांना लावू नये. लव्हाळा मात्र बोटांनी ओळखावा. हरळीची काडी गोल लागते, लव्हाळ्याच्या दांड्याला तीन धारा असतात. आज कापलेल्या हिरवळीतून परवा जे एकटेच वर डोकावते, तो लव्हाळाच.

कलम ३. हिरवळ राखण्याची कोणतीही अट मी रॉइसवर घालत नाही. ड्यूई यांनी मरताना माझ्याकडून वचन घेतले होते, “कुंपणापाशी एक काडी दिसता कामा नये, त्या प्रुइटला हसायला मिळेल.” ते वचन मी एकोणीस उन्हाळे गुडघ्यांवर बसून पाळले. आता ते वचन माझ्यासोबतच संपावे. रॉइसला हवे तर तिथे दगड अंथरावेत.

कलम ४. हे कलम रॉइसने दोनदा वाचावे, कारण हा राग मीच त्याच्या मनात रुजवला. एकतीस वर्षांपूर्वी कुंपणाच्या आमच्या बाजूला लव्हाळा उगवला. ड्यूई म्हणाले, ओथाच्या टोमॅटोच्या वाफ्यातून आला. ओथाशी बोलणे बंद झाले, चर्चमध्ये आम्ही बाक बदलला, आणि त्याची बायको वारली तेव्हा मी साधा केकही नेऊन दिला नाही. इथे तसे कोणी शत्रूशीही करत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये काउंटीच्या कृषी कार्यालयातील कोरिन हॅडक हिरवळ पाहायला आल्या. मी दांडे उपटून बादली भरत होते. त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही नुसती शेंडी ओढताय. गाठी खालीच राहतात, एकीच्या जागी चार उगवतात.” त्यांनी कुदळीने वीतभर माती उलटली. जपमाळेसारख्या काळ्या गाठी निघाल्या, आणि त्या मातीत शिंपल्यांचे तुकडे होते. त्यांनी विचारले, “ही नदीकाठची माती इथे कशी?”

ती माती मी ओळखली. खोलगट कोपरा भरायला ड्यूई यांनीच भावाच्या नदीकाठच्या शेतातून ट्रकभर माती आणली होती. फुकट मिळाली म्हणून आम्ही दोघे खूश होतो. लव्हाळा त्याच उन्हाळ्यात उगवला.

दुसऱ्या दिवशी मी पाउंड केक घेऊन ओथाच्या दारात उभी राहिले आणि सगळे सांगितले. त्याने जाळीचे दार अर्धवट उघडले.

“म्हणजे माझ्याकडून नाही आला?”

“नाही रे. आमचाच होता.”

“अगं, मला वाटायचं माझ्याच वाफ्यातून गेला. म्हणून तर ड्यूई एवढा बोलला तरी मी गप्प बसलो. तू उन्हात उपटत बसायचीस, ते खिडकीतून बघवायचं नाही मला.”

“मग येऊन सांगायचंस की.”

“काय तोंडाने येणार? ये आत. केक कापायला सुरी लागेल.”

त्या रात्री मला गोळीशिवाय झोप लागली. रॉइस, हा माणूस निर्दोष आहे. माझ्या अंत्यसंस्काराला त्याला आपल्या घरच्यांच्या बाकावर बसव.

कलम ५. कुंपणालगतचा सहा फुटांचा पट्टा ओथा प्रुइट यांना द्यावा, असे येथे लिहिले होते. ते खोडले आहे. कारण असे, की आज ओथा साक्षीदार म्हणून आला तेव्हा वकिलांनी त्याला अडवले. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीची सही करू नये, असे ते म्हणाले. ओथाने चष्मा पुसला.

“पट्टा राहू दे हिचाच. एकतीस वर्षांत हिचं-माझं नाव एका कागदावर आलं नाही, आज येऊ दे. पेन द्या इकडे.”

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे.

सही: व्हर्लीन टॅडलॉक

साक्षीदार:
१. ओथा प्रुइट, शेजारी
२. कोरिन हॅडक, काउंटी कृषी कार्यालय

हॅलोवे, जॉर्जिया
१४ सप्टेंबर २०२३